क्षमा केली, मग खटला कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खुनाच्या किंवा अत्याचाराच्या एखाद्या प्रकरणात ख्रिस्ती कुटुंबाने 'आम्ही त्याला क्षमा केली आहे' असे जाहीर केले, की दुसऱ्या दिवसापासून ठरलेले सूर उमटू लागतात. कोणी 'केवढे मोठे मन!' म्हणून हात जोडतो. कोणी विचारतो, 'क्षमा केली ना, मग खटला कशाला?' आणि उपवासकाळात, म्हणजे इस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, पापनिवेदनासाठी चर्चमध्ये रांगा लागल्या की तिसरा शेरा हमखास ऐकू येतो : 'यांचे बरे असते. वर्षभर काहीही करा, फादरच्या कानात सांगा, पाटी कोरी.' आम्ही वसई परिसरात धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो. हे समज चर्चच्या बाकांवर बसणाऱ्यांतही तितकेच घट्ट बसले आहेत, त्यामुळे बाहेरच्यांवर रागावण्यात अर्थ नाही. पण ख्रिस्ती श्रद्धेतली क्षमेची शिकवण आणि तिची रीत या साऱ्याहून बरीच कडक आहे. ती नीट मांडायची तर पत्र लांबणार, त्याबद्दल आधीच दिलगिरी.

सुरुवात सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांपासून करू. ओडिशात कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमोथी, यांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी गाडीत झोपलेले असताना जाळून मारण्यात आले. पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. ते वाक्य देशभर छापून आले आणि अजूनही छापले जाते. त्यापुढचे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही. खटला चालला. मुख्य आरोपी दारासिंग याला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली. विधवेची क्षमा आणि न्यायालयाचा निकाल बारा वर्षे शेजारी शेजारी चालले. त्यात विसंगती नव्हती.

मध्य प्रदेशातल्या सिस्टर राणी मारिया यांच्या बाबतीतही असेच झाले. उदयनगर भागात आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्याचे त्यांचे काम काहींच्या डोळ्यांत सलत होते. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांना बसमध्ये भोसकून मारण्यात आले. मारेकरी समंदर सिंग याला जन्मठेप झाली. पुढे त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली, तिने त्याला राखी बांधली, भाऊ मानले. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि २००६ मध्ये तो सुटला. राखीचा प्रसंग हृद्य आहे, लेखांत तोच येतो. राखी आणि सुटका यांच्याआधी या माणसाने तुरुंगात काढलेली वर्षे आणि त्याला झालेला पश्चात्ताप मात्र गाळला जातो. ते गाळले की क्षमा म्हणजे एका क्षणाचा चमत्कार वाटू लागते.

तिसरे उदाहरण तर तुमच्याच व्यवसायाशी जोडलेले आहे. १३ मे १९८१ रोजी व्हॅटिकनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर मेहमत अली आजा याने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी रुग्णशय्येवरून पोपनी क्षमा जाहीर केली आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी तुरुंगात जाऊन ते त्याला भेटले. तरी तो इटलीच्या तुरुंगात २००० सालापर्यंत राहिला. त्या वर्षी इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली आणि त्याला तुर्कस्तानच्या हवाली केले. तिथे त्याच्यावर 'मिलियेत' या दैनिकाचे संपादक अब्दी इपेक्ची यांच्या १९७९ मधील खुनाचा गुन्हा होता. मधले काही दिवस सोडले तर २०१० पर्यंत तो तिथल्या तुरुंगात होता. पोपनी स्वतःवर झाडलेल्या गोळ्यांची क्षमा केली. संपादकाच्या खुनाची क्षमा करणे त्यांच्या हातात नव्हते, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. ज्याचे नुकसान झाले त्यानेच क्षमा करायची असते. शेजाऱ्याच्या वतीने, गावाच्या वतीने, 'समाजाच्या भल्यासाठी' दुसऱ्याच्या जखमेची क्षमा वाटून टाकणारे पुढारी आपण पाहतो. त्यांना बायबलमध्ये आधार नाही.

आधार कशाला आहे, ते पाहू. क्षमेविषयी सर्वाधिक उद्धृत होणारा अध्याय म्हणजे मत्तयकृत शुभवर्तमानाचा अठरावा. 'प्रभो, माझ्या भावाने माझा अपराध केला तर मी त्याला कितीदा क्षमा करावी? सात वेळा का?' हा येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न आणि 'सातच्या सत्तर वेळा' हे येशूचे उत्तर सर्वांना पाठ असते. पण प्रश्न एकविसाव्या ओवीत येतो. त्याआधी पंधरा ते सतरा या ओव्यांत काय आहे, हे वर्गात विचारले की शांतता पसरते. तिथे सांगितले आहे : तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याचा दोष त्याला दाखव. त्याने ऐकले नाही, तर एकदोघांना साक्षीदार म्हणून सोबत ने. तरीही ऐकले नाही, तर मंडळीला, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाला, सांग. मंडळीचेही ऐकले नाही, तर त्याच्याशी परक्यासारखे वाग. म्हणजे या अध्यायातला क्षमेचा भाग जाब विचारण्याने सुरू होतो, आणि त्यात संबंध तोडण्याचीही तरतूद आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातही क्रम तोच : आधी दोष दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. चूक चूक म्हणून बोलून न दाखवता 'जाऊ दे' म्हणणे ही क्षमा नाही, ती टाळाटाळ आहे. आपल्या घरांत बहुतेक वेळा हीच चालते.

त्याच अध्यायात पुढे निर्दयी चाकराचा दाखला आहे. तो सांगताना धर्मशिक्षक हमखास घसरतात, म्हणून आकडे मांडतो. राजाच्या चाकरावर दहा हजार तालांतांचे कर्ज आहे, आणि या चाकराचे दुसऱ्या चाकराकडे शंभर दिनार येणे आहे. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा. आजची मजुरी रोजची पाचशे रुपये धरली तर पहिले कर्ज तीन हजार कोटींचे होते आणि दुसरे पन्नास हजारांचे. वर्गात सर्वसाधारणपणे सांगितले जाते की दुसऱ्याचे कर्ज 'क्षुल्लक' होते. मजुराला पन्नास हजार क्षुल्लक असतात का? शंभर दिवसांची कमाई बुडाली तर घर हलते. येशूने जाणूनबुजून असा आकडा घेतला आहे, जो दुखतो. 'तुझे दुःख काहीच नाही, सोडून दे' असे या दाखल्यात नाही. दुखणे खरे आहे, रक्कम खरी आहे, तरी ज्याची तीन हजार कोटींची सूट झाली त्याने पन्नास हजारांसाठी दुसऱ्याचा गळा धरू नये, एवढेच आहे. पीडिताला 'एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलीस' म्हणणारा माणूस दाखल्याची बाजू घेत नसतो.

समेट कसा होतो याचा सर्वांत तपशीलवार नमुना हवा असेल तर बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातली योसेफाची गोष्ट शेवटपर्यंत वाचावी. भावांनी त्याला वीस शेकेल चांदीला विकले. विकण्याची सूचना यहूदाची होती. वर्षांनंतर दुष्काळात तेच भाऊ मिसरमध्ये धान्य मागायला येतात. योसेफ आता तिथला मोठा अधिकारी झाला आहे. तो त्यांना ओळखतो, ते त्याला ओळखत नाहीत. इथे आपल्या कीर्तनांत आणि प्रवचनांत थेट गळाभेट होते. मूळ कथेत मात्र तीन अध्याय जातात. योसेफ त्यांना हेर ठरवतो, तीन दिवस कोंडून ठेवतो, शिमोनाला ओलीस ठेवून घेतो, धाकट्या बन्यामिनाला घेऊन या म्हणतो. पुढच्या खेपेला बन्यामिनाच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवतो आणि चोरीच्या आळात त्यालाच गुलाम म्हणून ठेवून घेण्याचे सांगतो. परीक्षा अगदी नेमकी आहे : एका भावाला गुलामीत सोडून बाकीचे पुन्हा घरी जातात का? आणि पुढे येतो तो यहूदा, विकण्याची सूचना करणाराच. म्हणतो, या पोराऐवजी मला गुलाम ठेवा, त्याला जाऊ द्या. त्यानंतरच योसेफ भावांखेरीज सर्वांना बाहेर काढतो, रडतो आणि 'मी योसेफ' म्हणतो. मधल्या काळात तो भावांना उपाशी मारत नाही, उलट त्यांचे पैसे गुपचूप त्यांच्याच गोणीत परत घालतो. सूड त्याने आधीच सोडला होता. विश्वास मात्र त्याने तपासून दिला.

आमच्या मते सगळा घोळ इथेच आहे. सूड सोडणे पीडिताला एकट्यानेही जमते, समोरचा कबूल होवो न होवो, जिवंत असो नसो. पुन्हा एकत्र नांदायचे तर समोरच्यात बदल दिसावा लागतो, आणि तो दिसेपर्यंत थांबणे हे मन कोते असल्याचे लक्षण नाही. शिक्षा हा तर शासनाचा विषय, आणि भारतीय कायद्यात खून हा पक्षकारांनी आपसांत मिटवण्याजोगा गुन्हाच नाही. या गोष्टींची सरमिसळ झाली की पहिला बळी पीडिताचा जातो.

आता 'पाटी कोरी' या शेऱ्याकडे येऊ. पापनिवेदन हे, ज्याला गोव्यात कुमसार म्हणतात, कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांपैकी एक. त्यात प्रत्यक्ष काय घडते?

येणाऱ्याने आधी घरी किंवा चर्चमध्ये बसून स्वतःची झडती घ्यायची असते. दहा आज्ञा हा नेहमीचा साचा. आमचा सल्ला असतो की नात्यांच्या क्रमाने जा : नवरा-बायको, आईवडील, भावंडे, शेजारी, कामावरची माणसे, ज्यांना पैसे देणे आहे ती माणसे. मग जाळीआड गुडघे टेकून किंवा समोर बसून क्रुसाची खूण करायची, मागचे पापनिवेदन कधी केले ते सांगायचे आणि पापे सांगायची. गंभीर पाप असेल तर कोणत्या प्रकारचे आणि साधारण किती वेळा, हे सांगणे बंधनकारक आहे. पाप गंभीर ठरायला बाब गंभीर असावी लागते, ती गंभीर आहे हे करणाऱ्याला पुरते ठाऊक असावे लागते आणि त्याने ती स्वेच्छेने केलेली असावी लागते. धर्मगुरू चार शब्द सांगतात, प्रायश्चित्त नेमून देतात, येणारा पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो आणि मग धर्मगुरू हात पुढे करून पापमोचनाचे शब्द उच्चारतात : 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुझ्या पापांची तुला क्षमा करतो.' सगळे मिळून चार-पाच मिनिटे. हे सारे समोरासमोरच व्हावे लागते, फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर पापमोचन होत नाही. गंभीर पाप केलेल्याने वर्षातून एकदा तरी हे करावे, हा चर्चचा नियम आहे. उपवासकाळात शेजारच्या धर्मग्रामांतून (दुसऱ्या चर्चच्या हद्दींतून) धर्मगुरू बोलावले जातात आणि रांगा लागतात, त्या यामुळे.

चुका बऱ्याच होतात. एक फार प्रचलित : 'फादर, माझी सून ऐकत नाही, दिराने बांध कोरला.' हे दुसऱ्यांच्या पापांचे निवेदन झाले. दुसरी : 'मी पापी आहे, रोजची छोटी-मोठी पापे होतात.' एवढ्यावर डॉक्टरही औषध देणार नाही. तिसरी चूक सर्वांत गंभीर आहे : एखादे गंभीर पाप लाजेपायी मुद्दाम लपवून बाकीची सांगायची. असे केले तर सांगितलेल्यांचेही मोचन होत नाही, सगळे निवेदनच फुकट जाते. खरोखर विसरलेले पाप मात्र यात धरले जात नाही. ते पुढच्या वेळी सांगायचे. काही माणसे याच्या उलट टोकाला जातात, तेच तेच पाप दर आठवड्याला पुन्हा सांगतात, क्षमा झाली यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. अशांना अनुभवी धर्मगुरू रांगेत पुन्हा उभे राहायला मनाई करतात, आणि ते योग्यच आहे.

आणि धर्मगुरूंचीही एक चूक आहे. रांग मोठी, वेळ कमी, म्हणून सगळ्यांना सरसकट 'तीन नमो मरिया (मरियामातेची छोटी प्रार्थना) म्हणा' हे प्रायश्चित्त. व्यभिचाराला तीन आणि लहान मुलाने पेन्सिल चोरली त्यालाही तीन. मग लोकांना प्रायश्चित्त म्हणजे पापाचे तिकीट वाटले तर दोष कोणाचा?

खरे तर कॅथलिक चर्चचा अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथ याबाबत निसंदिग्ध आहे. त्याचा १४५९ वा परिच्छेद सांगतो की पापमोचनाने पाप जाते, पण पापाने केलेली सगळी पडझड त्याने सावरत नाही. चोरलेले परत करावे लागते, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा स्वच्छ करावे लागते, इजा केली तर भरपाई द्यावी लागते, आणि एवढे करणे ही साधी न्यायाची गोष्ट आहे. ही नवी कल्पना नाही. बायबलमधील गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अपराध कबूल करून मूळ नुकसान अधिक त्याचा पाचवा भाग भरून देण्याचा नियम आहे. जकातदार जक्कय येशूला घरी बोलावतो आणि आपणहून जाहीर करतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाला फसवून काही घेतले असेल तर चौपट परत करतो. 'आज या घराचे तारण झाले आहे' हे वाक्य त्यानंतर येते.

वसईत याचा अर्थ काय होतो, ते एका नेहमीच्या प्रकारावरून दाखवतो. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण आणि सत्तावीस गुंठे वाडी. ख्रिस्ती कुटुंबाला लागू होणाऱ्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवेचा एक तृतीयांश, म्हणजे नऊ गुंठे, आणि उरलेले अठरा मुलांमुलींत समान, म्हणजे प्रत्येकी सहा. भावांनी 'बँकेचे कागद आहेत' म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि सातबाऱ्यावर आपली दोघांची नावे चढवली. वीस वर्षांनी थोरल्याचे मन खाते आणि तो पापनिवेदनाला येतो. त्याला क्षमा मिळते का? खरा पश्चात्ताप असेल तर मिळते. पण 'पश्चात्ताप आहे, जमीन मात्र द्यायची नाही' असे असेल तर सुधारण्याचा निर्धारच नाही, आणि निर्धार नसेल तर धर्मगुरूने पापमोचन पुढे ढकलले पाहिजे. निर्धार असेल तर पुढची कामे तलाठी कार्यालयात आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आहेत, चर्चमध्ये नाहीत. आपल्या वाट्याचा भाग बक्षीसपत्राने परत द्या, मुद्रांक शुल्क स्वतः भरा, फेरफार नोंद होईपर्यंत पाठपुरावा करा. जमीन विकली गेली असेल तर आजच्या दराने तिच्या वाट्याची रक्कम द्या, एकरकमी जमत नसेल तर हप्त्याने. धाकटा भाऊ तयार नसेल तर आपल्या भागापुरते तरी करा, त्याची वाट पाहत बसू नका. इस्टरच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) बहिणीला हात जोडून 'शांती असो' म्हणणे यातल्या कशाचीही जागा घेत नाही. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे की वेदीपाशी दान आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. अर्थात दान ठेवून खरेच परत फिरणारा माणूस दुर्मीळ.

उलट अनुभव असा की आमच्याकडे आधी बहिणीलाच सांगितले जाते, 'क्षमा कर, आपण ख्रिस्ती आहोत.' भावाला 'परत कर' म्हणणारा कोणी नसतो. क्रम उलटा झाला की क्षमा हे बळकावणाऱ्याच्या हातातले हत्यार होते.

तेच घरातल्या मारहाणीचे. नवरा मारतो, सकाळी पाय धरतो, आणि नातेवाईक, कधीकधी प्रार्थनागटातल्या बायाही, तिला 'सातच्या सत्तर वेळा' ऐकवतात. चर्चचा कायदा तसे म्हणत नाही. १९८३ च्या कॅनन कायदासंहितेचे कलम ११५३ सांगते की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास ते वैध कारण आहे. थांबण्यात धोका असेल तर बिशपांच्या निर्णयाची वाट न पाहता स्वतःच्या निर्णयाने बाहेर पडता येते. तिने क्षमा करावी, जमेल तेव्हा, पण ती बहिणीच्या घरी सुरक्षित राहूनही करता येते. तिच्याजवळ २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण आदेश असला तरी करता येते. एक व्यावहारिक बाब व्यभिचाराच्या प्रकरणांत लक्षात ठेवावी : ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पुन्हा एकत्र राहायला सुरुवात केली किंवा तसेच राहत गेले, तरच व्यभिचार माफ केला असे धरले जाते. मनाने क्षमा केल्याने कायदेशीर हक्क जात नाही, पण वकिलाला न विचारता पुन्हा एका छताखाली राहायला गेल्याने जाऊ शकतो.

पापनिवेदनाच्या गुप्ततेबद्दलही गैरसमज आहेत. जुलै २०१८ मध्ये, केरळमधील एका ऑर्थोडॉक्स मंडळीतील काही धर्मगुरूंवर झालेल्या आरोपांनंतर, राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली होती. ती मागणी आम्हाला मान्य नाही, पण ती ज्या संतापातून आली तो संताप खोटा नव्हता. कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनात ऐकलेले थेट उघड करणाऱ्या धर्मगुरूला आपोआप बहिष्काराची शिक्षा होते आणि ती उठवण्याचा अधिकार फक्त रोमकडे असतो. ऐकलेल्या माहितीचा वापर निवेदकाला जाच होईल अशा रीतीने करायलाही बंदी आहे. पापनिवेदनाच्या आडून लैंगिक मागणी करणे हा वेगळा गुन्हा आहे आणि गंभीर प्रकरणांत धर्मगुरूपद काढून घेतले जाते. आपल्याच व्यभिचारातल्या जोडीदाराला पापमोचन देणे मरणाचा धोका वगळता निष्फळ ठरते. नियम कागदावर भक्कम आहेत. अंमल करणारे कधी कचरतात, हे जगभरच्या चौकशांतून दिसले आहे, आणि ते नाकारून चर्चचे काही भले होणार नाही.

एक गाठ मात्र आम्हालाही सुटलेली नाही. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराबाबतच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम १९ 'कोणत्याही व्यक्ती'ला माहिती असल्यास पोलिसांना कळवण्यास बांधते, धर्मगुरूंना सूट देत नाही. उलट पापनिवेदनात गुन्हेगाराने स्वतः सांगितलेले धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाहीत, आणि पोलिसांत हजर होण्याची अट घालून पापमोचन अडवण्यासही रोमने २०१९ मध्ये मनाई केली आहे. दोन्ही नियम समोरासमोर उभे आहेत. पण ही टक्कर वाटते तितक्या वेळा होत नाही. बोभाटा होतो तो मूल आईला, शिक्षिकेला किंवा धर्मशिक्षकाला सांगते तेव्हा. तिथे गुप्ततेचा शिक्का अजिबात लागू नाही. धर्मग्रामाच्या कार्यालयात, शाळेच्या केबिनमध्ये किंवा मिस्सेनंतर अंगणात धर्मगुरूला सांगितलेलेही पापनिवेदन नव्हे. तिथे कळवणे हेच कर्तव्य, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. पोप फ्रान्सिस यांच्या मे २०१९ च्या आदेशानुसार तक्रारदाराला गप्प राहायला सांगण्याचीही मुभा नाही. मुलाने काही सांगितले तर 'त्याला क्षमा कर' हे वाक्य तोंडातून काढू नये. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक लावावा.

प्रोटेस्टंट मंडळ्यांविषयी थोडक्यात, कारण अहिल्यानगर, पुणे, सोलापूर भागातल्या वाचकांना वरचे वर्णन परके वाटेल. नागपूरला १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी एकत्र पापांची कबुली म्हणते आणि पाळकसाहेब देवाची क्षमा जाहीर करतात. पाळकासमोर एकट्याने पापे सांगणे सक्तीचे नाही. मनात आले तर बसून बोलता येते, आणि याकोबाच्या पत्रात 'एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा' असेही म्हटले आहे. या पद्धतीत लाज वाचते, पण 'आम्ही सर्व पापी' या सामूहिक वाक्याआड नेमके पाप लपून जाण्याचा धोका असतो. कॅथलिकांच्या रांगेत घाई आणि इथे मोघमपणा. जक्कयाचे चौपट मात्र दोन्हीकडे तितकेच लागू आहे.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती. 'कुटुंबाने क्षमा केली' असे लिहिताना आरोपीने गुन्हा कबूल केला का, काही परत केले का आणि खटला कोठवर आला, हेही त्याच बातमीत द्यावे. कुटुंबावर क्षमा करण्यासाठी कोणी दबाव आणला का, हे घरातल्या बाईला एकटीला विचारावे, चर्चच्या समितीसमोर नव्हे. आणि उपवासकाळात छायाचित्र घ्यायचेच असेल तर रांगेचे, तेही लांबून, घ्यावे. जाळीशी वाकलेल्या माणसाचे नको. पापनिवेदनातले काही चुकून कानावर पडले तर ते गुप्त राखण्याचे बंधन ऐकणाऱ्यावरही आहे, आणि हल्ली कॅमेऱ्यांत आवाजही टिपला जातो. तिथले बोलणे यंत्राने टिपणे किंवा पसरवणे हा चर्चच्या कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे.

कळावे,
आपले,
धर्मशिक्षणवर्गातील काही शिक्षक, वसई